प्रयोगशाळेचे वीजबिल कोण भरतो?

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की स्वीडनमधून नोबेल पारितोषिकांची घोषणा होते. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत विजेत्यांची छायाचित्रे छापून येतात, त्यांच्या कामाविषयी चार ओळी कशाबशा खरडल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरून जातात. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल अमेरिकेच्या कॅरोलिन बर्टोझी आणि बॅरी शार्पलेस यांना व डेन्मार्कच्या मॉर्टन मेल्डाल यांना विभागून जाहीर झाले तेव्हाही याहून वेगळे काही घडले नाही. 'क्लिक केमिस्ट्री' हे नाव तेवढे लोकांच्या कानावर पडले. ते काय आहे, ते कोणाच्या पैशावर उभे राहिले आणि त्याचे फळ कोणाच्या ताटात पडते आहे, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

आम्ही रसायनशास्त्राचे जाणकार नव्हे. आमचा व्यवसाय वकिलीचा. पण एखाद्या माणसाच्या यशाची जी कहाणी 'असामान्य बुद्धिमत्ता' या दोन शब्दांत गुंडाळून आपल्या हाती दिली जाते, ती उलगडून पाहण्याची सवय आम्हाला जडली आहे. बर्टोझी यांची कारकीर्द तशी उलगडून पाहिली तर तिच्यात आजच्या अमेरिकेतला एक मोठा तंटा दिसतो. आपल्याकडच्या कर्करोगाच्या आणि क्षयाच्या रुग्णाचाही त्या तंट्याशी संबंध येतो. म्हणून हा प्रपंच.

आधी शास्त्र समजून घेऊ. कपड्याला लावतात ते टिचबटण वाचकांनी पाहिलेले आहे. दोन तुकडे, एकमेकांसाठीच बनवलेले. दाबले की टिच्च असा आवाज होतो आणि बसतात. भोवती कापड कोणतेही असो, पाऊस असो की ऊन, ते दोन तुकडे दुसऱ्या कशात अडकत नाहीत. रसायनशास्त्रात रेणूला रेणू जोडणे हे मात्र फार किचकट काम. एक वस्तू बनवायला जावे तर सोबत दहा नको त्या वस्तू तयार होतात आणि त्या वेगळ्या करण्यात वेळ आणि पैसा जातो. २००१ मध्ये शार्पलेस यांनी सहकाऱ्यांसोबत एक लेख लिहून सांगितले की निसर्गाची नक्कल करत बसण्यापेक्षा टिचबटणासारख्या मोजक्या, खात्रीच्या जोडण्या शोधा आणि त्यांच्यावरच काम करा. २००२ मध्ये शार्पलेस आणि मेल्डाल या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी एक जोडणी दाखवली. अझाइड आणि अल्काइन हे दोन रासायनिक गट एरवी एकमेकांशी फार सावकाश जुळतात. त्यांत तांब्याचा अंश टाकला की ते झटकन आणि नेमके जुळतात. ही झाली क्लिक केमिस्ट्री.

आता बर्टोझी यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना काचेच्या नळीत नव्हे तर जिवंत पेशीवर जोडणी करायची होती, आणि तांबे जिवंत पेशीला विषारी. हा प्रश्न त्यांना पडला कसा, ते पाहू.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचे एक आवरण असते. या साखळ्यांना ग्लायकन म्हणतात. अ, ब, ओ हे जे रक्तगट आपण सांगतो ते दुसरे तिसरे काही नसून तांबड्या पेशींवरच्या साखरेतला फरक आहे. सूज, संसर्ग, कर्करोग या सगळ्यांत या साखरेचा हात असतो. पण तिचा अभ्यास करणे कठीण. प्रथिनांना चमकणारी खूण जनुकाच्या मार्गाने लावता येते. साखर थेट जनुकात लिहिलेली नसल्यामुळे तिला तशी खूण लावता येत नाही. त्यामुळे १९९० च्या सुमारास हुशार विद्यार्थी या विषयाकडे फारसे फिरकत नसत. बर्टोझी फिरकल्या. हार्वर्डमधून १९८८ मध्ये पदवी घेऊन त्या कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात मार्क बेडनार्स्की या तरुण प्राध्यापकाच्या हाताखाली पीएच.डी. करू लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या प्राध्यापकाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. ते रजेवर गेले आणि पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. मार्गदर्शक नाही, प्रयोगशाळेला मालक नाही, अशा अवस्थेत त्या विद्यार्थ्यांनी आपापले काम पूर्ण केले आणि १९९३ मध्ये बर्टोझी यांनी पीएच.डी. मिळवली.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. मार्गदर्शक गेल्यावर विद्यार्थ्याचे काय होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला विचारा. फाईल टेबलावरून टेबलावर फिरते, नवा मार्गदर्शक मिळत नाही, फेलोशिप अडकते, घरून विचारणा सुरू होते आणि एक दिवस तो विद्यार्थी गावाकडे निघून जातो. बर्कलीत तसे झाले नाही, कारण विद्यापीठाने त्या खोलीचा दिवा विझवला नाही. विद्यार्थी जिद्दीचे होते यात शंका नाही. पण जिद्दीने प्रयोगशाळेचे वीजबिल भरले जात नाही, ते कोणीतरी भरावे लागते. आणि बर्कली हे कोणा शेठजीचे खाजगी कॉलेज नाही, ते कॅलिफोर्निया राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ आहे.

तेथून त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या, पुन्हा त्याच राज्याच्या, वैद्यकीय विद्यापीठात स्टीव्हन रोझेन यांच्याकडे गेल्या. पांढऱ्या पेशी लसिकाग्रंथींकडे कशा ओढल्या जातात आणि त्यात साखरेचे काम काय, हा तिथला विषय होता. एका ग्लायकनचे कोडे सोडवायला वर्षानुवर्षे गेली. हत्यारच नव्हते. त्याच काळात एका जर्मन शास्त्रज्ञाचे व्याख्यान त्यांनी ऐकले. पेशीला नैसर्गिक साखरेऐवजी थोडी बदललेली साखर खाऊ घातली तर पेशी ती आपलीच समजून अंगावर चढवते, असे त्याने दाखवले होते. बर्टोझी यांच्या डोक्यात विचार आला की त्या बदललेल्या साखरेवर एक छोटा आकडा बसवून दिला तर? मग बाहेरून आपण त्या आकड्याला हवे ते अडकवू शकू. पण अट अशी की पेशीतल्या हजारो रेणूंपैकी कोणीही त्या आकड्याकडे ढुंकून पाहू नये, आणि आकड्यानेही त्यांना हात लावू नये.

१९९६ मध्ये त्या बर्कलीत प्राध्यापक झाल्या. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने कीटोन हा गट वापरून पेशीवर अशी खूण लावून दाखवली. २००० मध्ये त्यांनी आकडा म्हणून अझाइड निवडला आणि हेरमान श्टाउडिंगर या शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये शोधलेली एक जुनी अभिक्रिया नव्या कामाला जुंपली. अशा जोडण्यांना त्यांनी 'बायोऑर्थोगोनल' असे नाव दिले. म्हणजे जीवनाच्या व्यवहारात लुडबूड न करता, त्याच्या शेजारून सरळ निघून जाणारी रसायनक्रिया. तरीही ती जोडणी मंद होती. मग जुन्या ग्रंथालयातली धूळ झटकण्याचे काम सुरू झाले. १९६१ मध्ये दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लिहून ठेवले होते की अल्काइनला आठ कार्बनच्या कड्यात जबरदस्तीने वाकवून बसवले तर ते अझाइडशी स्फोट झाल्यासारखे जुळते. वाकवलेली काठी सुटायला आतुर असते तसा हा प्रकार. तांब्याची गरजच उरली नाही. २००४ मध्ये बर्टोझी यांच्या गटाने हे पेशीवर करून दाखवले, आणि २००८ पर्यंत झेब्रा माशाच्या वाढत्या गर्भावर, तो जिवंत असताना, साखर रंगवून दाखवली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत औषध, रंग, प्रथिने एकमेकांना जोडण्यासाठी ही टिचबटणे वापरली जात आहेत. या जोडणीच्या शास्त्राला बायोकॉन्जुगेशन म्हणतात.

१९०१ पासून रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या स्त्रियांमध्ये बर्टोझी आठव्या. सव्वाशे वर्षांच्या आसपासचा काळ आणि आठ बाया! पहिली मेरी क्युरी, १९११ साली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यक या तीन शाखांत एकाही कृष्णवर्णीयाला आजवर नोबेल मिळालेले नाही. हा आकडा बुद्धीचा आहे की दाराचा, याचा विचार वाचकांनी करावा.

कोणी म्हणेल, बर्टोझी तरी कुठे वंचित घरातल्या? खरे आहे. त्यांचे वडील एमआयटीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आई त्याच विभागात सचिव होती, बहीण अँड्रिया नामांकित गणितज्ञ आहे. पुस्तके, भाषा, ओळखी, सारे घरात होते. ही शिदोरी असूनही त्या ज्या काळात वाढल्या तो काळ त्यांच्यासारख्यांचा नव्हता. बर्टोझी समलिंगी आहेत आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ते लपवलेले नाही. १९८६ मध्ये, म्हणजे त्या हार्वर्डला शिकत असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉवर्स खटल्यात समलिंगी संबंध हा गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा वैध ठरवला होता. तो निकाल मोडायला २००३ साल उजाडावे लागले. आपल्याकडे कलम ३७७ चे दात २०१८ मध्ये पडले. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या मोकळ्या वातावरणात त्यांना श्वास घेता आला, ही गोष्ट त्यांच्या शास्त्रापासून वेगळी काढता येत नाही. प्राध्यापकाच्या मुलीलाही मोकळे दार लागले, तर जिच्या घरात पुस्तक नाही तिला किती लागेल?

'गुणवत्ता' या शब्दाचे आपल्याकडे काय केले जाते ते या पानाच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की ज्या देशाची गुणवत्ता आपल्यासमोर आदर्श म्हणून मिरवली जाते, तिथे ती सरकारी खर्चाने पिकवलेली आहे. सार्वजनिक विद्यापीठे, राष्ट्रीय आरोग्य संस्था म्हणजे एनआयएचचे वर्षानुवर्षांचे अनुदान, ऊर्जा खात्याची बर्कलीतली राष्ट्रीय प्रयोगशाळा, तिच्यातील मॉलिक्युलर फाउंड्री या केंद्राच्या बर्टोझी काही वर्षे संचालक होत्या. हॉवर्ड ह्यूज या खाजगी धर्मादाय संस्थेचा पैसाही त्यांना २००० पासून मिळत आला. पण मुख्य खांब करदात्याचा. पेशीवरच्या साखरेला आकडा लावण्याच्या कल्पनेवर १९९७ मध्ये कोणत्या औषध कंपनीने पैसा लावला असता? नफा कुठे होता त्यात?

आता आजच्या अमेरिकेकडे वळू. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी एनआयएचने एक फर्मान काढले. संशोधनाच्या अनुदानासोबत विद्यापीठाला इमारत, वीज, पाणी, कचऱ्याची विल्हेवाट, हिशेबनीस यांसाठी जो वरखर्च दिला जातो, तो यापुढे सरसकट १५ टक्क्यांवर आणला जाईल. तोवर सरासरी २७-२८ टक्के मिळत होते आणि मोठ्या संस्थांना पन्नाससाठ टक्क्यांपर्यंत. एनआयएचनेच दिलेल्या हिशेबानुसार २०२३ मध्ये सुमारे ३५ अब्ज डॉलरच्या अनुदानांपैकी ९ अब्ज या वरखर्चाचे होते. म्हणजे थेट वीजबिलावरच घाव. वरखर्चात उधळपट्टी होते हा आरोप अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही, मोठ्या संस्थांचे थाट आम्हालाही ठाऊक आहेत. पण हिशेब तपासणे वेगळे आणि रात्रीतून दोरी कापणे वेगळे. राज्ये आणि विद्यापीठे न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने या फर्मानाला कायमची मनाई केली.

दुसरा घाव अधिक उघड होता. 'विविधता, समता, समावेशन' या शब्दांशी संबंध दिसला की अनुदान रद्द, असा सपाटा सुरू झाला. वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांना संशोधनाकडे आणणारे एनआयएचचे मार्क, आयएमएसडी यांसारखे जुने प्रशिक्षण कार्यक्रम २०२५ मध्ये गुंडाळण्यात आले. काळ्यांच्या, स्त्रियांच्या, समलिंगींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी अनुदाने मध्येच थांबवण्यात आली. याविरुद्धचा दावा बॉस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांच्यापुढे चालला. हे गृहस्थ कोणी डावे नव्हेत, रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश आहेत. जून २०२५ मध्ये त्यांनी ही रद्दबातल अनुदाने बेकायदा रीतीने रद्द झाल्याचे सांगितले आणि भर न्यायालयात सरकारच्या या वागण्याला वांशिक भेदभाव म्हटले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्या आदेशाच्या मुख्य भागाला स्थगिती दिली. प्रश्न सुमारे ७८ कोटी डॉलरच्या अनुदानांचा होता.

वाचकांनी या स्थगितीचे कारण नीट पाहावे, कारण असे निकाल आपल्याकडेही येतात. भेदभाव झाला की नाही यावर बहुमताने काही ठरवलेच नाही. ते एवढेच म्हणाले की अनुदान म्हणजे करार, कराराच्या पैशाचे गाऱ्हाणे जिल्हा न्यायालयात नव्हे, फेडरल क्लेम्स नावाच्या वेगळ्या न्यायालयात न्यावे. आणि ज्या धोरणाच्या आधारे अनुदाने रद्द झाली ते धोरण रद्द करणारा आदेश मात्र स्थगित केला नाही. म्हणजे नियम बेकायदा, पण त्या नियमाने हिरावलेले परत मागायचे तर दुसऱ्या दारात जा! वकिलाला हे सूत्र कळते. ज्याच्या प्रयोगातले उंदीर आणि पेशी दोन आठवड्यांत मरणार, त्याला ते कसे कळावे? क्लेम्सचे न्यायालय फार तर नुकसानभरपाई देईल. थांबलेला प्रयोग ते सुरू करू शकत नाही.

हे सारे बर्टोझी यांच्या व्यक्तिगत भवितव्याशी जोडायचे कारण नाही. त्या २०१५ पासून स्टॅनफर्डला आहेत, नोबेल त्यांच्या पदरात आहे, त्यांना कोण हात लावणार? प्रश्न त्यांच्या मागून येणाऱ्यांचा. त्यांच्याच प्रयोगशाळेतले एक उदाहरण घ्या.

मिरेय कामारिझा ही आफ्रिकेतल्या बुरुंडी या गरीब देशात वाढलेली मुलगी. सतराव्या वर्षी अमेरिकेत आली, सॅन दिएगोच्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्वस्त सरकारी महाविद्यालयात शिकू लागली. तेथून राज्याच्या विद्यापीठात आणि तेथून बर्टोझी यांच्याकडे पीएच.डी.ला. तिने विषय निवडला क्षयरोग. क्षयाचा जंतू ट्रेहॅलोज नावाची साखर वापरून आपले बाहेरचे कवच बांधतो. माणसाचे शरीर ही साखर बनवत नाही. कामारिझा आणि सहकाऱ्यांनी या साखरेला असा रंग जोडला की तो पाण्यात जवळपास विझलेला राहतो आणि जंतूच्या तेलकट कवचात शिरला की ७०० पटींहून अधिक उजळतो. जंतू जिवंत असेल तरच तो साखर खाईल, म्हणून जिवंत जंतूच तेवढा चमकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या बेडक्यावर हे तपासून २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

याची किंमत आपल्याला कळायला हवी. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. कोंदट खोली, अपुरे अन्न, धुळीतले काम, हा रोग कुठल्या वस्तीत राहतो ते शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाबाहेर अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. बेडका काचेवर पसरून, रंगवून, आम्लाने धुवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जी पद्धत आपल्या दवाखान्यांत चालत आली, ती १८८० च्या दशकातली. तिच्यात मेलेला जंतू आणि जिवंत जंतू सारखाच दिसतो. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या नव्या यंत्रांनी, त्यात गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅटही आले, निदान फार सुधारले आहे. तरी डीएनए मेलेल्या जंतूतही सापडतो. औषध लागू पडते आहे की नाही, हे लवकर आणि स्वस्तात कळणे हा प्रश्न उरतोच. कामारिझा यांचा रंग त्या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारा एक रस्ता आहे. तो गावोगावच्या दवाखान्यात पोहोचलेला नाही, अजून बरेच काम बाकी आहे. आणि नेमक्या याच टप्प्यावर, मार्च २०२५ पासून, अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधनाचा पैसा आटवला. मे महिन्यात तर एनआयएचने परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची चालत आलेली पद्धतच बंद केल्याचे जाहीर केले. क्षयाचा बेडका अमेरिकेत कमी आणि आफ्रिका-आशियात जास्त, हे साधे गणित. बेडका जिथे आहे तिथे पैसा जाणार नसेल तर क्षयावरचे संशोधन होणार कुठे?

आता दुसरी बाजू. सरकारी पैशातून शास्त्र उभे राहिले, फळ कोणाचे? अमेरिकेत १९८० मध्ये बे-डोल कायदा झाला. सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठाने घ्यावे आणि कंपन्यांना विकावे, अशी मुभा त्याने दिली. बर्टोझी यांच्या शोधांचा प्रवासही याच वाटेने झाला. अँटिबॉडीला औषध जोडताना ते कुठेही चिकटू नये, ठरलेल्या जागीच बसावे, यासाठी त्यांच्या गटाने एक युक्ती काढली. त्यावर २००८ मध्ये रेडवूड बायोसायन्स ही कंपनी निघाली आणि २०१४ मध्ये ती कॅटलेंट या बड्या कंपनीने विकत घेतली. कर्करोगाची पेशी अंगावर विशिष्ट साखरेचा बुरखा घेऊन शरीराच्या रक्षक पेशींना चकवते. तो बुरखा फाडणारे एन्झाइम अँटिबॉडीला जोडण्याची कल्पना त्यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडली, त्या दिशेने पॅलियन ही कंपनी काम करते. बर्टोझी यांना आम्ही यासाठी दोष देत नाही. कायद्याने घालून दिलेली वाट ती. शिवाय कंपनीशिवाय औषध रुग्णापर्यंत जात नाही हेही खरे. पण त्या कायद्यात एक कलम असे आहे की शोधाचा लाभ जनतेला मिळत नसेल तर सरकार मध्ये पडून दुसऱ्याला परवाना देऊ शकते. पंचेचाळीस वर्षे झाली, ते कलम एकदाही वापरले गेलेले नाही. लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात सरकारी पैशातून निघालेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या एन्झालुटामाइड या महागड्या औषधासाठी रुग्णांनी अर्ज केला, तो एनआयएचने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याच औषधाचा पेटंट अर्ज आपल्या पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये नाकारला होता, हे येथे नोंदवून ठेवतो. आणि हेही नोंदवतो की हाच अमेरिकी कायदा आपल्याकडे आणण्यासाठी डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले होते. टीका झाली, पुढे ते मागे घेण्यात आले. बरे झाले.

अँटिबॉडीला विषारी औषध जोडून ते नेमके कर्करोगाच्या पेशीत सोडायचे, या प्रकारच्या औषधांचा आज सुकाळ आहे. सगळीच टिचबटणाच्या रसायनाने बनत नाहीत, जोडणीच्या जुन्या रीती अजून चालतात. पण शास्त्र तेच, बायोकॉन्जुगेशनचे. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रॅस्टुझुमॅब एम्टान्सिन हे असे एक औषध अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाले. २०२१ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याची प्रतिकृती बनवून मूळ औषधापेक्षा बऱ्याच कमी किमतीत भारतात आणली. म्हणजे ही अवघड जोडणी भारतातल्या कारखान्यात होते, हे सिद्ध झाले. त्याच्या पुढचे औषध ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकान. ते जपानच्या दाइइची सांक्योचे आणि ब्रिटनच्या अॅस्ट्राझेनेकाचे, भारतात २०२४ च्या सुरुवातीला आले. किंमत अशी की सामान्य घराने ऐकूनच मान खाली घालावी. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सरकारने त्यावरचे सीमाशुल्क माफ केले, सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने १२ टक्क्यांचा कर ५ वर आणला. टाळ्या वाजल्या. पण मूळ किमतीला कोणी हात लावला का? करमाफीने सरकारचे उत्पन्न घटले, कंपनीचे नाही.

हात लावण्याचे हत्यार आपल्या कायद्यात आहे. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली सक्तीचा परवाना देता येतो. मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटकोला सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी असा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८ हजार ८०० रुपयांवर आला. दुसऱ्या वर्षी, १ एप्रिल २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या खटल्यात कलम ३(ड) उचलून धरले. त्याच वर्षी साध्या ट्रॅस्टुझुमॅबवर सक्तीचा परवाना देण्याची नुसती चर्चा सरकारात सुरू झाली आणि रॉशने भारतातला पेटंटचा हट्ट सोडून दिला. नुसत्या चर्चेने! पण कलम ८४ खालचा परवाना त्या एका प्रकरणानंतर पुन्हा दिला गेलेला नाही.

आणि आता त्या हत्यारालाच गंज चढवण्याची तजवीज झाली आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणात असे मान्य केले गेले की औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा पसंतीचा आणि सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे स्वेच्छेचे परवाने. म्हणजे कंपनीची मर्जी. सरकार म्हणते, याने कलम ८४ रद्द होत नाही. अक्षरशः पाहता होत नाही, हे आम्हीही मान्य करतो. पण उद्या एखादा रुग्ण किंवा एखादी भारतीय कंपनी सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज घेऊन पेटंट नियंत्रकापुढे उभी राहील, तेव्हा समोरचा वकील हेच वाक्य वाचून दाखवील आणि विचारील की तुमच्याच सरकारने उत्तम मार्ग कोणता ते लिहून दिले आहे, मग ही सक्ती कशासाठी? त्याच्या हाती हे वाक्य देताना ब्रिटनच्या औषध कंपन्यांची आठवण कोणाला झाली होती आणि टाटा रुग्णालयाच्या पदपथावर झोपणाऱ्या रुग्णांची कोणाला, हे संसदेत विचारले गेले पाहिजे. करार झाला तरी कलम ८४ खालचा अर्ज करायला आजही कोणाची आडकाठी नाही, आणि डेरक्स्टेकान भारतात २०२४ च्या सुरुवातीलाच येऊन बसले आहे.